जाता जाता मारलेलं प्यादं

सर्व्हरच्या नोंदीत दर सोमवारी
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एक पाहुणा.
ब्राउझर : सहावी आवृत्ती.
बनवणाऱ्यांनीच तिला कधीची मूठमाती दिलेली.

"एका माणसासाठी?" खजिनदार हिलार म्हणतो.
"कॅर्डला बुद्धिबळ मंडळ म्हणजे चौदा सभासद
आणि नाताळातल्या केकचा गल्ला.
दे सोडून."
खरंय त्याचं.
दाखला, मतदान, औषधाची चिठ्ठी,
आमच्या देशात सगळं पडद्यावर मिळतं.
जुन्याला कुणी शिव्या देत नाही इथे,
फक्त दार उघडत नाही.

तरी मी रात्री बसते.
नव्या ब्राउझरांना मोहरा म्हणजे एक अक्षर,
खूण टाकली की घोडा उभा.
जुन्यात त्या जागी कोरा चौकोन,
पटभर बत्तीस खोकी, पत्ता न लिहिलेली.
म्हणून बारा चित्रं काढली, ठिपका ठिपका जोडत.
त्याला पारदर्शक कडा कळत नाहीत,
पांढऱ्या भाल्याभोवती राखाडी मळ धरतो.
(कुठे त्याला उंट म्हणतात, कुठे पाद्री.
आमच्या भाषेत तो भाला.
वजीर म्हणजे झेंडा,
हत्तीच्या जागी गाडी.)
मग काळ्या घरासाठी वेगळा भाला,
पांढऱ्या घरासाठी वेगळा,
आणि प्रत्येक खेळीला स्वतंत्र पान.

कधी वाटायचं, हा माणूस नसेलच,
जुना मुखवटा चढवून
पानापानांतून सरपटणारा एखादा प्रोग्राम असेल.
पण प्रोग्राम एकतिसाव्या खेळीवर
अकरा मिनिटं थांबत नाही.

मार्चमध्ये, किनाऱ्याचा बर्फ कुरकुरत असताना,
मंडळाच्या दारात एक बाई बूट झटकत उभी.
माइमु. एम्मास्तेच्या धान्यगोदामात
वजनकाट्यावर असते.
काट्याचा प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर चालत नाही,
म्हणून तो संगणक कुणी बदलत नाही,
म्हणून सहावी आवृत्ती.
पहिला ट्रक साडेसहाला येतो.

"हिलारच्या त्या जिंकलेल्या डावात," ती म्हणाली,
"एकतिसाव्या खेळीला जाता जाता मारलेलं प्यादं
तुमच्या पटावरून उठत नाही."

पाहिलं. नव्यात उठत होतं.
माझ्या जुन्या वाटेवर मात्र
मेलेलं प्यादं आपल्या घरात तसंच,
मयताची टोपी खुंटीवर राहावी तसं.
तीन हिवाळे.

तिने कोटातून पिवळ्या पावत्या काढल्या,
पुढे ओट, राय, टन, किलो,
पाठीमागे पेन्सिलीने खेळ्या.
"ते प्यादं असेल तर काळा हरत नाही.
चौतीसला गाडी मागे, मग राजा कोपऱ्यात.
बरोबरी."

हिलार पावत्यांवर वाकला.
चहावर साय धरली.
"पण बाई, ते प्यादं तिथे नव्हतंच!"
"माझ्याकडे होतं," माइमु म्हणाली
आणि शेवटच्या बससाठी उठली.

चूक एका ओळीची होती.
दुरुस्त केली. प्यादं उठलं.
सोमवारी सहा दहाला पाहुणा आला,
एकतिसाव्या खेळीवर थांबला,
जेमतेम दोन मिनिटं.

मला काही ते बरं वाटलं नाही.

मग पावत्यांवरचा डाव वेगळ्या पानावर मांडला,
मेल्या प्याद्यासकट,
फक्त सहाव्या आवृत्तीत उघडेल असा.
हिलारने आपल्या चकचकीत फोनवर उघडून पाहिला.
तिथे मी लिहिलं होतं :
"क्षमस्व. आपला ब्राउझर फार नवा आहे."

तो काही बोलला नाही. गल्ला मोजला,
कुलूप लावलं.
सोमवारी म्हणे एम्मास्तेच्या वजनकाट्यावर
सहा वाजता एक गाडी चढली,
आत एकही पोतं नसलेली.